न गिळलेला घोट

मार्च आला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत भिंती बोलायला लागतात. तळमजल्यावरची सोनल नद्यांची नावं घोकते. समोरच्या इमारतीतला एक मुलगा गॅलरीत फेऱ्या मारत सनावळ्या म्हणतो, आणि चुकला की त्याची आई कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढून आतूनच बरोबर साल सांगते. आंब्याचा मोहोर गळून कंपाउंडात पिवळा चुरा साचतो. दुपारी उशी उलटी केली तरी ती दुसऱ्या बाजूनेही गरम असते. मला आता कुठलीच परीक्षा द्यायची नाही, तरी हे आवाज ऐकले की जिभेवर एक चव येते. तुरट, थोडी आंबूस, आणि सगळ्यांत शेवटी पेन्सिलीच्या लाकडाची. चवीच्या पाठोपाठ चीड येते. दोघींची जोडी आहे.

माझी शेवटची परीक्षा दारूची होती. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारत नाही. उच्चारलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात, आणि मग आईकडे बघतात.

अंधेरीला एका खासगी संस्थेत मी हॉटेलचं शिक्षण घेत होते. मुलुंडहून घाटकोपर, तिथून बस, आणि मांडीवरच्या पिशवीत इस्त्री केलेली पांढरी टोपी, जी अंधेरी येईपर्यंत चपटी झालेली असे. शेजारच्या बायका आईला विचारत, "मेधा काय शिकते हो?" आई म्हणे, "होमसायन्ससारखंच असतं." तीन वर्षं ती हेच सांगत राहिली, आणि तिसऱ्या वर्षी त्या होमसायन्समध्ये वाइन निघाली.

मला हॉटेल का आवडलं हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. मी लाजरी होते. पाहुणे आले की स्वयंपाकघरातून बाहेर यायला मला वेळ लागे, आणि बाहेर आले की काय बोलायचं ते आठवायला आणखी वेळ. पण हॉटेलात प्रत्येक प्रसंगाला एक ठरलेलं वाक्य असतं. गुड इव्हनिंग, आपलं टेबल इकडे, आणखी काही हवंय का. कुणी तुम्हाला 'मग, लग्नाचं काय' असं विचारत नाही. ओळीने मांडलेल्या ग्लासांच्या मध्ये उभं राहिलं की मला पहिल्यांदाच वाटलं, इथे गप्प राहणं हीच रीत आहे. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात आमच्या संस्थेतल्या पास झालेल्या मुलांना उमेदवारीवर घेत. पास व्हायचं आणि तिथे जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नापास झाले असते तर बाबांनी त्यांच्या विम्याच्या ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी साहेबांच्या कानावर घालून ठेवलंच होतं. बाबा हे प्रेमाने सांगत, म्हणून उलट बोलता येत नसे. प्रेमाने मांडलेल्या अशा गोष्टींची मला फार धास्ती आहे.

आणि त्या हॉटेलाच्या आणि माझ्या मध्ये एक बाटली उभी होती. खरं तर आडवी होती. आमच्या पिंटो सरांना विमान कंपनीतल्या कुणा मित्राने दिलेली, बोर्दो प्रांतातली, जुनी, मुरलेली लाल वाइन. प्रिन्सिपॉलच्या एसी केबिनमधल्या लोखंडी कपाटात फायलींच्या खाली ती निजवून ठेवली होती. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती उघडायची, प्रत्येकाला दोन-तीन चमचे द्यायची, आणि प्रत्येकाने बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ती बघून, हुंगून, चाखून तोंडी सांगायचं: रंग कसा, वास कसला, चव कशी, आणि शेवटी निकाल. आता प्यावी की अजून ठेवावी.

परीक्षेच्या आधी ती चाखायला मिळणार नव्हती, कारण ती एकच होती. म्हणून पिंटो सरांनी आम्हाला तिच्या नोट्स दिल्या. फळ्यावर लिहून. कलर: विटेसारखा लाल, कडेला नारिंगी. नोज: ब्लॅककरंट, सीडर, सिगारचा डबा. चव: टॅनिन मऊ. निकाल: आता प्यावी. आम्ही ते वहीत उतरवलं आणि घरी जाऊन पाठ केलं. इतिहास पाठ करतात, भूगोल पाठ करतात, आम्ही चव पाठ केली. बसमध्ये माझ्या शेजारी बसून सुनील डोळे मिटून म्हणायचा, "ब्लॅककरंट सीडर सिगार, ब्लॅककरंट सीडर सिगार," आणि पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायच्या. मी खिडकीबाहेर बघत त्याला ओळखत नसल्यासारखं करायची.

"अरे पण ब्लॅककरंट म्हणजे काय?" मी एकदा विचारलं.

"तू कॉन्व्हेंटवाली ना? तुलाच माहीत पाहिजे यार."

हे मला सगळेच सांगत. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीच्या जिभेवर इंग्लंडचे सगळे जॅम फिरून गेलेले असतात, असा त्यांचा पक्का समज. मला ते जॅम नावाने ठाऊक होते हे खरं. माझ्या लहानपणीच्या गोष्टींच्या पुस्तकांतली मुलं टोपल्या घेऊन सहलीला जात आणि पानापानावर जॅम खात. मी ती पुस्तकं पोळीला साखर-तूप लावून खात वाचली. ब्लॅककरंटचं स्पेलिंग मला येत होतं. चव येत नव्हती.

पिंटो सर स्वभावाने बरे. म्हणाले, "समज जांभूळ."

जांभळं मेअखेरीला येतात. परीक्षा एप्रिलमध्ये. त्या नोट्समधली एकूण एक गोष्ट मुलुंडमध्ये अवेळी होती.

पुस्तकात असंही लिहिलं होतं की जुनी लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. कुठली खोली, ते लिहिलं नव्हतं. ज्याने लिहिलं त्याच्या खोलीत बहुतेक बारा महिने स्वेटर घालून बसत असावेत. आमच्या खोलीत त्या दिवसांत खोबरेल तेल पाण्यासारखं वाहत होतं आणि मेणबत्त्या डब्यातल्या डब्यात वाकत होत्या.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा आई कडव्या वालांच्या डाळिंब्या सोलत होती. बाबा पेपर वाचत होते.

"तोंडात घ्यावी लागते?" आईने विचारलं.

"हो."

"आणि मग?"

"मग थुंकायची."

आईने हातातली डाळिंबी परत पातेल्यात टाकली. "थुंकायचीच आहे तर घ्यायची कशाला?"

"अगं, नाडी बघणारा नाडी घरी घेऊन जातो का?" बाबा पेपराआडून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. कुठली आहे म्हणालीस?"

"बोर्दो. फ्रान्समधली."

आता पेपर खाली आला. "बोर्डो? म्हणजे ते निळं पाणी?"

आमचं गाव श्रीवर्धनच्या बाजूला. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर पोफळींवर बोर्डो मिश्रण मारतात, मोरचूद आणि चुना कालवून, सुपारी गळू नये म्हणून. बाबांचं अर्धं बालपण निळ्या हातांनी गेलं होतं. मी हसले, पण दुसऱ्या दिवशी पिंटो सरांना विचारलं, तर ते म्हणाले, गाव तेच. तिथले लोक ते आपल्या द्राक्षवेलींवर मारत, तिथूनच ते जगभर गेलं. बाबांना हे सांगितल्यापासून त्या बाटलीत आपलाही वाटा आहे असं त्यांना वाटायला लागलं. "आपली बोर्डो कशी आहे?" असं विचारायचे. जणू ती आजारी पडून दवाखान्यात आहे.

आईला गाव वगैरे ऐकायचं नव्हतं. तिने हात पदराला पुसले, माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "घशाखाली उतरवणार नाहीस. घे शपथ."

"आई, मी काय लहान आहे?"

"घे."

शपथ-बिपथ मी मानत नाही, असं मी स्वतःशी त्या वयात रोज म्हणत असे. पण आमच्या घरात शपथेचे नियम कडक होते. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नाही. मी दुसरीत असताना आईने अशीच गळ्याची शपथ घालून बर्फाचा गोळा बंद केला होता, आणि 'सुटली' म्हणायचं विसरली होती. ती अख्खी सुट्टी मी गोळेवाल्याच्या गाडीपाशी इतर मुलांना रंग निवडून देत उभी राहिले. माझ्या हाताखाली आता आईचा गळा होता, गरम, आणि बोलताना आतून हलणारा. मी शपथ घेतली.

थुंकायचं तर होतंच, त्यामुळे अडचण काही नव्हती. शिक्षणाचा नियम आणि आईचा नियम एकच निघाला, याचं मला बरंच वाटलं. बाबांना दुसरी काळजी. "परमिट लागतं ना गं? पोरींना कुठलं परमिट?" मी ते सरांना विचारलं. सर म्हणाले, "थुंकायला परमिट लागत नाही, मेधा. थुंकायला मात्र शीक."

इथे खरी वाट लागली.

थुंकणं ही शिकायची गोष्ट आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ओठांचा चंबू करायचा, शिट्टी मारतो तसा, आणि बारीक, सरळ धार सोडायची. आम्ही बिनदुधाच्या कोऱ्या चहावर सराव करत असू. मुलांना अर्ध्या तासात जमलं. जमलं काय, त्यांच्यात कुणाची धार लांब जाते याची पैज लागली. या शहरात पुरुषांना थुंकायला शिकवावं लागत नाही, जिन्यांचे कोपरे साक्ष आहेत. पण मला लहानपणापासून शिकवलं होतं की चारचौघांत थुंकू नये, शिट्टी मारू नये, तोंड उघडं टाकून हसू नये. आता एकाच कृतीत मला या तिन्हींच्या जवळपास काहीतरी करायचं होतं, तेही टाय लावलेल्या माणसांसमोर, आणि त्याला मार्क होते. आम्ही मुली सरावाच्या वेळी तोंड मिटून बाहेरच्या बेसिनपर्यंत धावत जात असू. सर बघून न बघितल्यासारखं करत.

घरचा सराव वेगळाच. बाबांनी पाच रस्ता चौकातल्या काचसामानाच्या दुकानातून दांडीचा एक ग्लास आणला. दुकानदाराने विचारलं, "आइस्क्रीमसाठी का?" बाबा म्हणाले, "हो." त्या ग्लासात मी कोकमाचं आगळ पाण्यात घालून ठेवायची आणि वहीच्या पांढऱ्या पानावर तिरका धरून बघायची. मध्ये गडद, कडेला फिका. गोल फिरवायची. हुंगायची. त्या ग्लासात कोकमाशिवाय दुसरं काही कधीच गेलं नाही. तरी आई तो वेगळा घासायची, शेवटी, आणि बाकीच्या भांड्यांत न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर एकटा उपडा घालायची. मी म्हटलं, "अगं, कोकम आहे. तूच केलंस." ती म्हणाली, "असू दे. त्याचा आकार तसला आहे."



एक गोष्ट मात्र मला त्याच कोकमाच्या आणि चहाच्या घोटांत सापडली. पुस्तकात टॅनिन समजावून सांगायला अर्धं पान खर्च केलं होतं. हिरड्या आखडतात, जीभ कोरडी पडते, गाल आतून ओढले जातात, वगैरे. मी ते वाचत काळा चहा तोंडात घोळवत होते आणि एकदम लक्षात आलं की हे सगळं म्हणजे तुरट. कच्चं केळं, काजूचं बोंडू, आवळ्याचा पहिला चावा. जे सांगायला त्यांना अर्धं पान लागलं ते आमच्याकडे तीन अक्षरांत शेंबडं पोर सांगतं. आणि वाइन जुनी झाली म्हणजे काय होतं, तर ती मुरते. लोणचं मुरतं तशी. तुरटपणा जात नाही, त्याची धार जाते. माझं शिक्षण इंग्रजीत झालं. हिशेब मी इंग्रजीत करते, पत्रं इंग्रजीत लिहिते. पण त्या दिवशी मला कळलं की माझी जीभ शाळेत गेलीच नव्हती. ती घरीच राहिली होती.

पण परीक्षा इंग्रजीत होती, आणि परीक्षकांपुढे 'तुरट' म्हणून चालणार नव्हतं. मी ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा पाठांतराला लागले. ब्लॅककरंट, सीडर, सिगार.

परीक्षेला आम्हा मुलींना पांढरी, निळ्या काठाची साडी नेसायची होती. वर्गात टेबलावर पांढरा कपडा, त्यावर ग्लास, आणि टेबलाच्या पायाशी थुंकायला एक स्टीलची बादली, तळाशी लाकडाचा भुसा. बाहेर जायचं नाही, असा नियम. गेलं की परीक्षा संपली. बुचाचे दोन तुकडे झाले, एक आत पडला. जुन्या वाइनच्या तळाशी गाळ असतो, तो दिसावा म्हणून बाटलीमागे मेणबत्ती धरून ती दुसऱ्या भांड्यात ओतायची असते. मेणबत्ती विझू नये म्हणून पिंटो सरांनी पंखे बंद केले. एप्रिलमध्ये. परीक्षकांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटत गेला आणि आम्ही भिंतीशी ओळीने उभे राहून आपापल्या कपाळावरून थेंब ओघळू दिले, कारण रुमाल काढणं बरं दिसलं नसतं.

परीक्षक म्हणजे शहरातल्या एका जुन्या हॉटेलचे निवृत्त व्यवस्थापक. केस चापून बसवलेले, आवाज थकलेला. एकेक जण पुढे जाऊन म्हणत होता, ब्लॅककरंट, सर. सीडर, सर. सिगारचा डबा, सर. आणि बादलीत धार. परीक्षक मान हलवत होते. सुनीलने तर ग्लास नाकाला लावायच्या आधीच सांगून टाकलं. माझं आडनाव इंग्रजी वर्णमालेच्या शेपटाला, म्हणून माझी पाळी येईपर्यंत भांड्यात तळाचं उरलं होतं. वाइन कोमट आणि त्यात गाळाचे काळे कण.

मी रंग सांगितला. वास सांगितला, जसा पाठ होता तसा.

"ब्लॅककरंट खाल्लंयस कधी?" त्यांनी विचारलं. ते इंग्रजीतच बोलत होते, पण मला ते आठवतं ते मराठीत.

"नाही, सर."

"मग कशावरून?"

"पुस्तकात आहे, सर."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "चाख."

मी घोट घेतला. घोळवला. आणि त्याच वेळी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हं, सांग."

तोंड भरलेलं. बादली त्यांच्या दोन बुटांच्या मध्ये, चकाकणारे बूट, पांढरी विजार. मी खाली बघितलं. वर बघितलं. ओठांचा चंबू करायचा प्रयत्न केला आणि तो झाला नाही. पिंटो सर मागून हाताने खूण करत होते, टाक, टाक. मुलं बघत होती. घशाखाली उतरवणं सोपं होतं, फक्त मान जरा मागे. पण माझ्या तळहाताला आईचा गळा लागत होता. इंग्रजी शाळा, तीन वर्षांचं शिक्षण, विमानतळाजवळचं हॉटेल, सगळं मिळून एक बोटभर पुढे सरकेना. मी नुसती उभी राहिले.

आणि उभी राहिले म्हणून ती वाइन तोंडात राहिली. बाकीच्यांनी ती घेतली आणि टाकली. माझ्याकडे ती बसली. आधी आंबूस, मग काहीच नाही, मग हिरड्यांना हलके धरणारं तुरट, न ओरबाडणारं. मग आमसूल. मग बाबांच्या थोरल्या काकांची तपकिरीची डबी उघडल्यावर यायचा तो वास. आणि अगदी शेवटी, नाकातून श्वास सोडताना, पेन्सिल. गणितं सोडवताना मी सगळी प्राथमिक शाळाभर पेन्सिलींची टोकं चावली आहेत. ते लाकूड. तेच तर सीडर. नोट्समधला जो शब्द मला सगळ्यांत परका वाटला होता, तो मी मुलुंडच्या बाकावर बसून कित्येक वर्षं खात होते.

आता मला बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला परक्या माणसाशी आपणहून बोलायचं होतं, आणि तोंड भरलेलं होतं.

मी खाली वाकले, बादली उचलली, सगळ्यांकडे पाठ केली आणि पदर तोंडावरून पुढे ओढून, त्या पडद्याआड, हळूच टाकली. धार-बीर काही नाही. थोडी पदरावर सांडली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, बहुतेक सुनील. मी बादली जागेवर ठेवली आणि वळले.

"पेन्सिलीचं लाकूड आहे, सर," मी म्हणाले. "आणि जुनी तपकीर. ब्लॅककरंट मला माहीत नाही. आमच्याकडे एक आंबट फळ सुकवतात, तसं आहे. टॅनिन आहे पण ते..." शब्द सापडेना. "तुरट आहे, सर. पण मुरलेलं."

हे दोन शब्द मी मराठीतच बोलले. पिंटो सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षक मात्र ते शब्द जिभेवर ठेवून बघितल्यासारखे थांबले.

"तुरट," ते म्हणाले. "ठीक. आता प्यावी की ठेवावी?"

"आता, सर. ठेवून आणखी चांगली होणार नाही. उलट वाया जाईल."

"इतकं कळलं," ते म्हणाले, "आणि तू थुंकलीस."

ते रागावून म्हणाले नाहीत, म्हणून ते अजून रुतून आहे. मग त्यांनी स्वतःच्या ग्लासातली उरलेली संपवली आणि पंखे लावायला सांगितलं.

मी पास झाले. सुनीलला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. यावर मला काही म्हणायचं नाही.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. "उतरली नाही ना खाली?" मी पदर पुढे केला. पांढऱ्यावर जांभळट-तांबूस डाग, कडेला विटकरी. आईने सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्याच क्षणी कपाळाला आठी: "अगं, नवी साडी!" मीठ लावलं, लिंबू चोळलं, उन्हात टाकली. डाग हटला नाही. मी आत कपडे बदलताना फटीतून बघितलं, तर आई मोरीपाशी तो ओला पदर नाकाला लावून उभी होती. एकदा. मग पुन्हा एकदा.  

त्यानंतरचे सगळे मार्च मी त्याच विमानतळाजवळच्या हॉटेलात काढलेत. बाटल्या मी उघडते. बूच मोडू न देता. नियमाप्रमाणे पहिला घोट टेबलावरच्या यजमानाला द्यायचा, आणि यजमान म्हणजे पुरुष, मग त्याला काही कळो वा न कळो. तो ग्लास डोळ्यांसमोर धरतो, भिवया उंचावतो, "झकास," म्हणतो, आणि बर्फ मागतो. काही जण सोडा मागतात. एकदा एकाने मुरलेल्या बोर्दोत थंड पेय ओतलं, आणि मी ठरलेलं वाक्य म्हणाले: आणखी काही हवंय का, सर? आतून मी किंचाळत होते. वाइन बिघडली आहे का हे मला वासावरून कळतं. लागलं तर तोंडात घेऊन पँट्रीतल्या बेसिनमध्ये टाकते, चटकन, आता मला धार जमते. पण आजवर एक थेंब घशाखाली उतरलेला नाही. मी मानत नाही शपथ. फक्त ती सुटलेली नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या मॅनेजरांनी मला बोलावलं. मोठी पार्टी आहे, तळघरातल्या जुन्या लाल बाटल्यांपैकी कुठल्या काढायच्या ते ठरवायचंय. "तू चाख आणि सांग," ते म्हणाले. "आणि मेधा, नुसती थुंकू नकोस. शेवटची चव घशात कळते." मला माहीत आहे, सर, असं मी म्हणाले नाही. मला माहीत नव्हतंच. ते परीक्षक काय म्हणाले होते, ते मला त्या क्षणी नीट कळलं.

काल मी घरी आईपाशी गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. खालून सोनलच्या नद्या ऐकू येत होत्या. गोदावरी, कृष्णा, भीमा. मी समोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली.

"आई, ती शपथ सुटली म्हण."

"कसली शपथ?"

 ती मेथीकडे बघत होती.

"परीक्षेची. घशाखाली उतरवायची नाही म्हणून गळ्यावर हात ठेवून घ्यायला लावली होतीस ती."

"मी?" तिने खरंच आठवून बघितलं. "बाई गं, असेल. परीक्षेपुरती असेल. मग?"

"मग मी अजून पाळतेय."

आईने हातातली काडी खाली ठेवली. "इतकी वर्षं? तिथे नोकरी करून? वेडी आहेस का गं तू?"

बर्फाच्या गोळ्याचं मला आठवलं, पण मी ते काढलं नाही. काय उपयोग. शपथ घालणारे विसरून जातात, त्यांना पुढे पुष्कळ कामं असतात. लक्षात ठेवायचं काम ज्यांच्या हाताला गळा लागलेला असतो त्यांचं.

"म्हण ना सुटली."

"सुटली, सुटली," आई म्हणाली. "आता ती मेथी नीट निवड, काड्या टाकतेयस आत."

एवढंच. ना घंटा वाजली, ना काही हललं. मी निवडलेली पानं टोपलीत टाकली, उठून हात धुतले, आणि तहान लागली होती म्हणून पाण्यासाठी कट्ट्यावरचा पहिला हाताला लागला तो ग्लास उचलला. दांडीचा. धुळीचा एक थर चढलेला, तरी उपडा, तरी एकटा.

"तो नको घेऊस," आई मान वर न करता म्हणाली. "तो वेगळा आहे."